कोड्यांच्या पानावर षट्कोनी पटालाही जागा द्यावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील कोड्यांचे पान मी नियमाने सोडवतो. शब्दकोडे, सुडोकू आणि बुद्धिबळातील एक स्थिती हे त्या पानाचे स्वरूप कित्येक वर्षे तसेच आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मात्र या तिघांच्या शेजारी चौथ्या एका खेळाला आठवड्यातून एकदा वीतभर जागा मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तो खेळ म्हणजे षट्कोनी घरांच्या पटावर खेळला जाणारा ‘हेक्स’. ही विनंती बुद्धिबळ संघटनेकडे किंवा एखाद्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडे न करता वर्तमानपत्राकडे करण्यामागे एक कारण आहे. या खेळाची जगाला पहिली ओळख करून दिली ती एका दैनिकानेच.

ते दैनिक म्हणजे डेन्मार्कचे ‘पोलिटिकन’. २६ डिसेंबर १९४२ च्या अंकात पीट हाइन यांनी ‘पॉलिगॉन’ या नावाने या खेळाचे नियम मांडले. डेन्मार्क त्या वेळी जर्मन फौजांच्या ताब्यात होता. हाइन हे गृहस्थ शास्त्रज्ञ, कवी आणि रचनाकार असे सर्व काही होते. ‘कुम्बेल’ या टोपणनावाने त्याच दैनिकात ते चार-सहा ओळींच्या मार्मिक कविता लिहीत असत. नकाशातील प्रदेश रंगवायला चार रंग पुरतात का, या तेव्हा अनिर्णित असलेल्या प्रश्नाचा विचार करताना त्यांना हा खेळ सुचला. लेख छापून दैनिक थांबले नाही. त्यानंतर वाचकांसाठी या पटावरची कोडी प्रसिद्ध होत राहिली आणि छापील पटांचे कागदी पॅड विकले गेले, ज्यांवर दोन माणसांनी पेन्सिलीने खुणा करत डाव खेळायचा आणि कागद फाडून टाकायचा. लाकडी पट नको, सोंगट्या नकोत, चकचकीत खोकेही नको. वर्तमानपत्राच्या कागदाला इतका साजेसा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही.

नियम सांगायला चार वाक्ये पुरतात. पट समभुज चौकोनासारखा तिरका असतो. त्यावर ११ ओळी आणि प्रत्येक ओळीत ११ घरे, म्हणजे एकूण १२१ षट्कोनी घरे असतात, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्ध्या घराने उजवीकडे सरकलेली असते. एका खेळाडूकडे काळी आणि दुसऱ्याकडे पांढरी सोंगटी. आळीपाळीने एकेक सोंगटी कोणत्याही रिकाम्या घरात ठेवायची आणि एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही, मारायची तर मुळीच नाही. काळ्याने पटाची वरची कड खालच्या कडेला सलग सोंगट्यांनी जोडायची, पांढऱ्याने डावी कड उजवीला जोडायची. ज्याची साखळी आधी पुरी झाली तो जिंकला.

इतके वाचून हा लहान मुलांचा खेळ वाटेल, म्हणून त्यातील पहिली खुबी थोडी जवळून दाखवतो. स्तंभांना डावीकडून क, ख, ग अशी अक्षरे आणि ओळींना वरून १, २, ३ असे अंक देऊ. समजा, काळी सोंगटी ग३ वर आहे आणि दुसरी घ४ वर. ही दोन घरे एकमेकांना चिकटलेली नाहीत, तरीही ती जोडलेलीच समजायची. कारण त्यांच्यामध्ये घ३ आणि ग४ अशी दोन घरे आहेत, जी दोन्ही सोंगट्यांना लागून आहेत. पांढऱ्याने त्यातले एक अडवले की काळा दुसरे घेतो. जाणकार या रचनेला ‘पूल’ म्हणतात. हा पूल ज्याला दिसू लागला, तो एकेक घर चिकटून सरकण्याऐवजी टांगा टाकत पट ओलांडू लागतो, आणि त्याच क्षणी खेळाची पातळी बदलते. तीन बाय तीनच्या पटावर तर पहिल्या खेळीतच निकाल लागतो. काळ्याने मधले ख२ घर घेतले की वरच्या कडेकडे जायला ख१ आणि ग१ असे दोन मार्ग आणि खालच्या कडेकडे क३ आणि ख३ असे दोन मार्ग. पांढऱ्याने कुठेही हात घातला तरी त्याचा जोडीदार मार्ग काळ्यासाठी शिल्लक राहतो.

चार बाय चारच्या पटावर गंमत वाढते. काळ्याने ख३ वर सुरुवात केली की खालची कड ख४ आणि क४ यांमुळे पक्की झाली; प्रश्न फक्त वरच्या कडेचा उरतो. पांढऱ्याचा सर्वांत चिवट बचाव ग१ हा आहे, कारण त्या एकाच घरावरून काळ्याचे दोन सरळ मार्ग जातात. सरळ वर जाण्याचा हट्ट धरून ग२ घेतले, तर पांढरा घ१ वर येऊन तोंड बंद करतो. यावर काळ्याचे उत्तर क२. तेथून वर जायला क१ आणि ख१ मोकळी आहेत आणि मागे ख३ शी क३ व ख२ यांचा पूल आहे. दोन्ही जोड्या एकमेकींपासून वेगळ्या, त्यामुळे पांढऱ्याला एका खेळीत दोन्ही तोडता येत नाहीत. आता ही स्थिती कोडे म्हणून छापावी का, तर माझ्या मते छापू नये. थोडे अधिक तपासल्यावर लक्षात येते की येथे काळा घ१ खेळूनही जिंकतो. पांढऱ्याने ग२ अडवले तर घ२, मग पांढऱ्याने ग३ अडवले तर घ३, आणि तेथून खालच्या कडेला घ४ व ग४ असे दोन दरवाजे उघडे. दोन उत्तरे असलेले कोडे संपादकांच्या डोक्याला ताप असतो, हे आपल्या शब्दकोड्याच्या संकलकांना मी सांगायला नको.

या खेळाविषयी सर्वांत मोलाची गोष्ट ही की त्यात बरोबरी होऊच शकत नाही. बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांमध्ये बरोबरीत सुटलेल्या डावांच्या रांगा पाहून कंटाळलेल्या वाचकांना हे विशेष भावेल. संपूर्ण पट भरला आहे अशी कल्पना करा. पांढरी घरे म्हणजे पाणी आणि काळी घरे म्हणजे माती. डाव्या कडेला पाणी सोडले, तर ते एक तर उजव्या कडेपर्यंत वाहत जाईल, म्हणजे पांढरा जिंकला. किंवा कुठे तरी अडेल, आणि ते अडायचे तर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत अखंड बांध असलाच पाहिजे, म्हणजे काळा जिंकला. दोन्ही एकदम घडणे शक्य नाही आणि दोन्ही न घडणेही शक्य नाही. हे षट्कोनांमुळे साधते. चौकोनी घरांच्या पटावर एका कोपऱ्यात चार घरे भेटतात. समोरासमोरची दोन काळी आणि दोन पांढरी असली, तर कोपऱ्याला कोपरा लागणे जोड मानल्यास दोघेही पार होतात आणि न मानल्यास दोघेही अडकतात. षट्कोनांच्या पटावर एका कोपऱ्यात तीनच घरे भेटतात. तिन्हींवर दोनच रंग असल्यामुळे त्यांतली दोन एका रंगाची असणारच, आणि त्या दोघांमध्ये कोपऱ्याऐवजी पूर्ण बाजू सामाईक असते. संदिग्धतेला जागाच उरत नाही. वरवर बालिश वाटणाऱ्या या विधानाचे वजन किती आहे, हे गणितज्ञ डेव्हिड गेल यांनी १९७९ मध्ये दाखवले. हेक्समध्ये बरोबरी होत नाही हे विधान आणि संस्थितिशास्त्रातील (टोपॉलॉजी, म्हणजे ताणल्या-वाकवल्याने न बदलणाऱ्या गुणधर्मांचे गणित) ब्राउवर यांचा प्रसिद्ध स्थिरबिंदू सिद्धांत, ही दोन्ही एकमेकांपासून सिद्ध करता येतात.

गेल यांचा या खेळाशी संबंध त्याआधी तीस वर्षांचा होता. १९४८ च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठात आलेल्या जॉन नॅश या तरुण विद्यार्थ्याने हाइन यांच्या लेखाची गंधवार्ता नसताना हाच खेळ स्वतंत्रपणे शोधून काढला, आणि तेथील गणित विभागाच्या बैठकीच्या खोलीत तो लोकप्रिय झाला तो गेल यांनी तयार केलेल्या पटामुळे. विद्यार्थी त्याला ‘नॅश’ म्हणत किंवा ‘जॉन’ म्हणत. न्हाणीघरातील षट्कोनी फरशांवर हा खेळ खेळला जाई म्हणून ते दुसरे नाव पडले, अशीही एक आख्यायिका सांगितली जाते. अमेरिकन बोलीत ‘जॉन’ म्हणजे शौचालय. ‘हेक्स’ हे आजचे नाव १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने खेळ बाजारात आणताना दिले.

नॅश यांनी एक सुरेख गोष्ट सिद्ध केली. पहिली खेळी करणारा अचूक खेळला तर तो जिंकतोच. त्यांचा युक्तिवाद शाळकरी मुलालाही पटवून देता येईल असा आहे. समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याची युक्ती आहे. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवावी, ती विसरून जावी आणि स्वतः दुसरा असल्याप्रमाणे तीच युक्ती वापरावी. या खेळात जादा सोंगटी कधीच अडचण करत नाही. युक्तीने तेच घर घ्यायला सांगितले, तर ते आधीच आपले आहे म्हणून आणखी कुठे तरी एक सोंगटी ठेवावी. अशाने दोघेही जिंकतील, आणि ते तर अशक्य आहे. म्हणजे दुसऱ्याकडे तशी युक्ती असूच शकत नाही, आणि बरोबरी नसल्यामुळे विजय पहिल्याचा. पण कसा जिंकायचा, याबद्दल हा पुरावा अवाक्षर काढत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने नऊ बाय नऊपर्यंतच्या पटावर प्रत्येक पहिल्या खेळीचा निकाल काढला आहे. अकरा बाय अकराच्या नेहमीच्या पटाची संपूर्ण उकल मात्र अजून कोणाच्याही हाती नाही. विजय ठरलेला आहे हे ठाऊक असूनही वाट कोणालाच ठाऊक नाही, अशी विलक्षण अवस्था फार थोड्या खेळांच्या वाट्याला आली असेल.

पहिल्याला इतका फायदा असेल तर खेळात राम काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यावर खेळाडूंनी साधा तोडगा काढलेला आहे. पहिल्या खेळाडूने पहिली सोंगटी ठेवल्यानंतर दुसऱ्याला मुभा असते की त्याने खेळ पुढे न्यावा किंवा ती सोंगटी स्वतःची करून बाजू बदलून घ्यावी. त्यामुळे मधले घर बळकावणारा स्वतःच्याच खेळीचा बळी ठरतो, आणि फार मजबूतही नाही व फार कमकुवतही नाही असे घर शोधण्यापासूनच डावाला सुरुवात होते. मला स्वतःला या खेळात सर्वांत अवघड वाटणारी खेळी हीच आहे.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी या खेळासाठी एक यंत्र बनवले होते, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आजच्या संगणकासारखी आकडेमोड त्यात नव्हती. एका खेळाडूच्या सोंगट्यांना धन विद्युतभार आणि दुसऱ्याच्या सोंगट्यांना ऋण भार मानून पटभर विद्युतदाबाचे क्षेत्र तयार करायचे आणि त्या क्षेत्रात जेथे घोड्याच्या खोगिरासारखा चढउतार दिसेल तेथे खेळी करायची, एवढाच त्याचा हिशेब. इतक्या ढोबळ पद्धतीने ते यंत्र बरेच चांगले खेळत असे. माणसाच्या नजरेला पटावर ‘येथे काही तरी आहे’ असे जे जाणवते, ते बहुधा याच जातीचे असावे.

षट्कोनी पटांची आणि फरशांची दुनिया हेक्सपुरती मर्यादित नाही, आणि आपल्या वाचकांपैकी काहींनी ‘हाइव्ह’ खेळला असेलही. जॉन यिआनी यांचा २००१ मध्ये आलेला हा खेळ मला अत्यंत आवडतो. त्यात पटच नाही. प्रत्येकाकडे अकरा जाड षट्कोनी फरशा; त्यांवर एक राणीमाशी, दोन कोळी, दोन भुंगेरे, तीन नाकतोडे आणि तीन मुंग्या. प्रत्येक किड्याची चाल वेगळी, राणीमाशी चौथ्या खेळीपर्यंत उतरवलीच पाहिजे, आणि हलताना फरशांचे मोहोळ कधीही दुभंगता कामा नये. समोरच्याची राणीमाशी सहाही बाजूंनी वेढली की जिंकले. पण भुंगेरा दुसऱ्या फरशीच्या पाठीवर चढून बसतो आणि मोहोळ हवे तिकडे वाढते, त्यामुळे ही स्थिती वर्तमानपत्राच्या चौकटीत नीट छापता येणार नाही; खाली दबलेली फरशी दाखवायची कशी, हाच प्रश्न पडेल. न्यूझीलंडच्या माइक मॅकमॅनवे यांच्या ‘टँट्रिक्स’मध्ये ५६ फरशा असतात आणि प्रत्येकीवर चारपैकी तीन रंगांच्या रेघा धावतात, एका रंगाची सर्वांत लांब रेघ किंवा बंद वळसा साधायचा. सुंदर खेळ आहे, पण कृष्णधवल पानावर त्याचा जीव जाईल. पीटर बर्ली यांच्या ‘टेक इट ईझी’मध्ये एक जण फरशी पुकारतो आणि सगळे जण आपापल्या १९ घरांच्या पटावर तीच फरशी हव्या त्या जागी बसवतात, हाउजीप्रमाणे कितीही माणसे एकदम खेळू शकतात, फरक इतकाच की येथे नशीब सर्वांना सारखे मिळते आणि गुण अकलेप्रमाणे पडतात. गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात खेळायला तो उत्तम, साप्ताहिक कोड्याला कमी उपयोगाचा. व्लादिस्लाव ग्लिन्स्की यांचे ९१ घरांचे षट्कोनी बुद्धिबळ, ज्यात प्रत्येकाला तीन उंट लागतात, ते मी जाणूनबुजून बाजूला ठेवतो. साधे बुद्धिबळ ज्याला पुरत नाही त्याने ते जरूर शिकावे.

हेक्सचा स्तंभ सुरू होण्याआधी वाचकांची नजर षट्कोनांना सरावावी म्हणून पहिल्या आठवड्यात एक एकट्याने सोडवायचे कोडे देता येईल, आणि ते म्हणजे जादूचा षट्कोन. जादूचे चौरस आपल्याकडे जुने आहेत. नारायण पंडितांच्या १३५६ मधील ‘गणितकौमुदी’त भद्रगणित नावाचे स्वतंत्र प्रकरणच त्यांना वाहिलेले आहे. चौरस हवे तेवढे करता येतात. षट्कोनाचे तसे नाही. मध्ये एक घर आणि भोवती सहा, अशा सात घरांत १ ते ७ हे अंक भरून प्रत्येक ओळीची बेरीज समान आणायचा प्रयत्न केला तर तो पहिल्याच पायरीला फसतो. सर्व अंकांची बेरीज २८, ओळी तीन, आणि २८ ला तीनने भाग जात नाही. त्यापुढचा आकार १९ घरांचा. १ ते १९ यांची बेरीज १९०, एका दिशेच्या ओळी पाच, म्हणून प्रत्येक ओळीत ३८. येथे भाग जातो, आणि नवल म्हणजे उत्तरही अस्तित्वात आहे. फिरवून किंवा आरशात पाहून मिळणारे प्रकार सोडले तर एकच. त्याहून मोठ्या कोणत्याही आकारात, १ पासून सुरू होणारे क्रमवार अंक घेतल्यास, भागाकारच जमत नाही. म्हणजे एक घराचा क्षुल्लक षट्कोन वगळला तर अशा सर्व षट्कोनांत जादू साधणारा हा एकटाच.

या एकट्या षट्कोनाच्या मागे क्लिफर्ड अ‍ॅडम्स नावाचा अमेरिकन रेल्वेतील एक कारकून लागला होता. १९१० मध्ये त्याने सुरुवात केली. १ ते १९ अंक लिहिलेल्या षट्कोनी फरशा तो फावल्या वेळात मांडत असे. १९५७ मध्ये इस्पितळात असताना त्याला उत्तर सापडले, ते त्याने कागदावर उतरवून घेतले, आणि तो कागद हरवला. पाच वर्षांनी कागद पुन्हा हाती लागला तेव्हा त्याने तो गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांना पाठवला, आणि १९६३ मध्ये गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या स्तंभात तो छापला. हेच उत्तर एर्न्स्ट फॉन हासेलबेर्ग या जर्मन गृहस्थांनी १८८७ मध्येच काढले होते, हे पुढे उघडकीस आले. आपण हे कोडे छापणार असाल तर मदत म्हणून केवळ मधल्या घरात ५ येतो एवढे सांगावे आणि उत्तर त्याच अंकात देऊ नये. किमान दोन रविवार तरी वाचकांना मिळायला हवेत.

गार्डनर यांचे नाव आले म्हणून सांगतो. त्यांनी जुलै १९५७ च्या स्तंभात हेक्सची ओळख करून दिली आणि हा खेळ जगभर गेला. मार्च १९७५ च्या स्तंभात त्यांनी आमच्या नाशिकजवळच्या देवळालीतील शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्यांची ओळख करून दिली आणि तेही जगभर गेले. हाइन आणि कापरेकर दोघांचाही जन्म १९०५ चा. ६१७४ या संख्येचे गुपित सांगणाऱ्या कापरेकरांना त्यांच्या हयातीत आपल्याकडील विद्वानांनी फारसे गंभीरपणे घेतले नाही, आणि गणिताची गंमत ही मुलांच्या खाऊसारखी, मुख्य जेवण वेगळे, अशी एक समजूत आपल्या शिक्षणात आजही आहे. त्याच समजुतीपायी गणिताच्या तासाला पट मांडला तर पालक विचारतात की अभ्यास कधी घेणार. बरोबरी का होत नाही, हे बांधाच्या युक्तीने समजून घेणाऱ्या आठवीच्या मुलीने त्या तासात एक पूर्ण तर्कशुद्ध सिद्धता ऐकलेली असते. तिच्या पाठ्यपुस्तकातील कितीतरी सूत्रांच्या सिद्धता तिला इतक्या स्वच्छ समजलेल्या नसतात.

सुडोकूशी माझे वैर नाही. पण सुडोकू एकदा सुटले की संपले, आणि ते सोडवताना समोर कोणी नसते. बुद्धिबळाच्या स्थितीत समोर प्रतिस्पर्धी असतो, पण सहा प्रकारच्या मोहऱ्यांच्या चाली, किल्लेबंदी आणि वाटमारी यांची आधीची ओळख नसलेला वाचक त्या चौकटीवरून नजर फिरवून पुढे जातो. हेक्सचे नियम दर आठवड्याला चौकटीच्या तळाशी दोन ओळींत छापता येतील, आणि ज्या वाचकाने ते पान आयुष्यात प्रथमच उघडले तोही त्याच दिवशी कोड्याला हात घालू शकेल. हा खेळ कोरडा आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्यात राजा नाही, घोडा नाही, वाघ-बकरीच्या पटावर असते तशी शिकारीची कथा नाही. दोन रंग आणि चार कडा एवढेच. काहींना त्यामुळे तो कधीच रुचणार नाही, आणि त्यांच्यासाठी शब्दकोडे शेजारीच असेल.

छपाईच्या दृष्टीने काही सूचना करतो. अकरा बाय अकराचा पट दोन स्तंभांच्या रुंदीत बारीक होईल, म्हणून सुरुवातीची कोडी पाच बाय पाच आणि पुढची सात बाय सात घरांची असावीत. त्यात पुलाचे, कडेचे आणि अडवण्याचे सर्व डावपेच आणता येतात. रंगांची गरज नाही, भरीव आणि पोकळ वर्तुळे पुरतात; मात्र काळ्याच्या दोन कडा ठळक रेघेने आणि पांढऱ्याच्या दुहेरी रेघेने दाखवाव्यात, नाही तर कोणी कोणती कड जोडायची यातच नवशिका गोंधळतो. प्रश्न नेहमी एकाच साच्यात असावा, ‘काळ्याची खेळी, काळा जिंकतो’, आणि उत्तर म्हणून घराचे एकच नाव मागवावे. वर दाखवल्याप्रमाणे दोन उत्तरे निघण्याचा धोका खरा आहे. पण इतक्या लहान पटावरची प्रत्येक खेळी संगणकाने अखेरपर्यंत तपासता येते, आणि अल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनी आपले प्रोग्रॅम सर्वांना खुले ठेवले आहेत. आपल्या संगणक विभागातील कोणीही तरुण सहकारी हे काम हौसेने करील. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पुरवणीत म्हणा, पूर्ण पानाचा अकरा बाय अकराचा कोरा पट छापावा. त्याची झेरॉक्स काढून वर्गात वाटता येईल, आणि पेन्सिलीऐवजी चिंचोके व बटणे वापरली तर एकच कागद वर्षभर पुरेल.

पहिल्या काही आठवड्यांची कोडी तपासून, उत्तरांसह आणि प्रत्येक उत्तरामागील कारण दोन-तीन ओळींत लिहून, मी विनामोबदला पाठवायला तयार आहे. ती छापण्यायोग्य आहेत की नाहीत हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच आपला. होकार असेल तर चौकटीची रुंदी किती सेंटिमीटर ठेवायची तेवढे कळवावे, म्हणजे पट त्याच मापाने आखता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
नाशिक रोड